रोयणीची खोली

फणसखोलात दुपारच्या झोपेला जेवढा मान आहे तेवढा सरपंचालाही नाही. डिचोलीहून सुर्ल्याकडे जाणारा रस्ता सोडून आत वळलं की ही वस्ती, इथल्या भाषेत वाडा, लागते. चिऱ्यांच्या कुंपणभिंती, गेटावर जास्वंद, दारात झाकून ठेवलेली एखादी गाडी. सकाळी पाववाला पोदेर भोंपू वाजवत उंडे देऊन जातो, त्याच्यामागोमाग कमावती माणसं निघतात, कुणी पणजीला, कुणी वेर्ण्याच्या कारखान्यात, तर कुणी अलीकडे मोपाच्या विमानतळावर. मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याइतकीच म्हातारी कुत्री. जेवणं आटोपली की तीही आडवी होतात आणि चहाच्या वेळेपर्यंत वाड्यात पान हललं तरी ऐकू येतं. अशा ठिकाणी पाळणाघर काढायचं भाग्यलक्ष्मी परबने मनावर घेतलं तेव्हा लोकांनी तिला वेड्यात काढलं.

भाग्यलक्ष्मी मूळची आरोंद्याची, म्हणजे तेरेखोल नदीच्या पलीकडची. लग्न होऊन ती सुर्ल्याला आली तेव्हा खाणी भरात होत्या. नवरा सगुण खनिजाचा टिपर चालवायचा आणि ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती, तीही बदली. कायम करतो असं तिला इतक्या जणांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं होतं की पुढेपुढे ती ते ऐकून हसायची. मग खाणी बंद पडल्या. टिपर दारात उभा राहून गंजला आणि शेवटी भंगारात गेला. अंगणवाडीत कायमची बाई आली. मुलगी तेवढी वेळेवर लग्न होऊन कुडाळला गेली होती. नवराबायको फणसखोलात एका भाड्याच्या खोलीत येऊन राहिली आणि सगुण मिळेल ते काम करू लागला, कुठे बांधकामावर पाणी मारायचं, कुठे कुणाच्या बागेची राखण करायची. वाड्यात भाग्यलक्ष्मीला नाव नव्हतं. ती ड्रायव्हरची बायको. भांडी घासायला कोणी हवं असलं की तिची आठवण व्हायची, हळदीकुंकवाला नाही.

तिला आयुष्यात एकच गोष्ट चांगली जमत होती, ती म्हणजे लहान मुलं. हट्टी पोर तिच्याकडे आलं की मऊ व्हायचं, आणि हे कसं होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. वाड्यातल्या तरण्या आयांचे हाल ती पाहत होती. समोरच्या घरातली मनीषा विमानतळावर कामाला, पाळीची नोकरी. तिची सेजल अडीच वर्षांची, पायाला भिंगरी लावलेली. सांभाळायला सासू पार्वतीकाकी, पण काकींचे गुडघे गेलेले आणि डोळे मालिकेत अडकलेले. एकदा सेजल मागच्या विहिरीच्या कठड्यावर पोट टेकून आत वाकलेली भाग्यलक्ष्मीलाच दिसली. तिने पोरीला उचलून घरी आणलं, तेव्हा मनीषा दारात बसून रडली. त्या रडण्यातून पाळणाघर निघालं असं म्हणायला हरकत नाही.

जागा शिवदासची मिळाली. शिवदास पणजीला बँकेत, राहायला पर्वरीच्या फ्लॅटमध्ये, आणि बापाचं घर फणसखोलात कैक वर्षं कुलूपबंद. बंद घराला माणसाचा वास राहत नाही म्हणून त्याने पुढची मोठी खोली आनंदाने दिली. माणूस भला होता. शिवाय वाड्याच्या गावकर घराण्यातला, ग्रामदेवी सातेरीच्या देवळात ज्यांच्या शब्दाला वजन असतं त्यातला. त्याने अट एकच घातली, आणि ती त्याची नव्हती, सगळ्या वाड्याची होती. जेवणानंतर चहापर्यंत आवाज व्हायचा नाही. भाग्यलक्ष्मीने मान डोलावली. मुलांना दुपारी झोपवणं तिच्या हातचा मळ होता.

खोली झाडताना मागच्या कोपऱ्यात तिला तो उंचवटा दिसला. लाल जमिनीला तडा गेला होता आणि तड्यातून ओल्या मातीचा बोटभर कोंब वर आला होता, बारीक बारीक भोकांचा. दुसऱ्या कुणी तो वाळवी म्हणून खराट्याने उडवला असता. पण भाग्यलक्ष्मी तेरेखोलच्या काठची. नदीच्या दोन्ही अंगांना वारुळाला रोयण म्हणतात आणि रोयण म्हणजे सातेरी. ती मूर्तीत असते त्याआधी मातीत असते. आईचं बोट धरून भाग्यलक्ष्मी लहानपणी रोयणीला ओलं फूल वाहून आली होती. हातातला खराटा तिने खाली ठेवला.

सगुणने व्यवहाराची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "सिमिटाचा एक घमेला ओततंय आणि वयर फरशी मारतंय. कोणाक कळतला?"

"माका कळतला," ती म्हणाली.

सगुणही त्याच मातीतला. टिपरच्या हौद्याच्या फळ्या त्याने भंगारात न घालता जपून ठेवल्या होत्या, त्यांचे त्याने मुलांसाठी बुटके बाक केले. आणि भाग्यलक्ष्मीने कोपऱ्यासमोर जुन्या साडीचा पडदा लावला, उंचवट्याला हळदकुंकू लावलं, जास्वंदीचं एक फूल ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. देवीची आडकाठी नको म्हणून देवी लपवली, पण फूल मात्र चुकवलं नाही. पुढचं सगळं या अर्ध्यामुर्ध्या शहाणपणातून झालं.

भिंतीवर पेंटरने एक बदक काढलं, त्याचे पाय कोंबडीचे झाले. दारावर पाटी लागली. जूनमध्ये पाळणाघर उघडलं तेव्हा सेजल आणि आणखी दोन मुलं होती, श्रावण येईतो बाकांवर जागा पुरेना. सगळ्यांच्या आया तिला टीचर म्हणू लागल्या. पहिल्यांदा मनीषाने गेटातून "टीचर" अशी हाक मारली तेव्हा भाग्यलक्ष्मीने मागे वळून पाहिलं, दुसरं कोण आलंय म्हणून. मग कळलं की ती आपणच. त्या दिवशी तिने घरी जाऊन सगुणला ते दोनदा सांगितलं. तो हसला. खूप दिवसांनी तो असा तोंडभर हसला होता.

आता दुपार. वाड्याची झोप मोडायची नाही आणि डझनभर पाय तर एका जागी राहत नाहीत. मुलांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारायला सुरुवात केली होती, तिथे कोण आहे म्हणून. भाग्यलक्ष्मीने खरं ते सांगितलं. देवी आहे, पाया पड. आणि मग तिला ती युक्ती सापडली, जी तिच्यासारख्या बाईलाच सापडू शकते. जेवण झालं की मुलांनी चपला भिंतीशी नीट लावायच्या, हात धुवायचे, पडद्यासमोर हात जोडायचे आणि आडवं व्हायचं. ती ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणायची, "आई निजली. आता तुमी पण निजा."

जादू झाल्यासारखी खोली शांत व्हायची. देवीची झोप मोडायची कुणाची टाप होती? सेजल तर इतरांवर डोळे वटारायची. भाग्यलक्ष्मी एकेकाच्या पाठीवर थापटत बसायची आणि बाहेर अख्खा वाडा घोरत पडलेला असायचा. पार्वतीकाकींनीही कौतुक केलं, की पोरं आहेत की नाहीत तेच कळत नाही. सातेरीला फणसखोलात कुणी इतकं राबवून घेतलं नव्हतं.

गणेश चवथीची सुट्टी लागली. गोव्यात चवथीला सगळंच बंद, पाळणाघर कसं उघडं राहणार? भाग्यलक्ष्मी आरोंद्याला भावाकडे गेली आणि खोली बंद राहिली. परत येऊन तिने कुलूप काढलं तर पडदा पुढे आलेला. तिने तो बाजूला सारला. बोटभर कोंबाची सेजलच्या कमरेएवढी रोयण झाली होती, तीन शेंड्यांची, ओली आणि तांबडी. एका बाकाचा पाय तिने पोटात घेतला होता. टिपरच्या त्या फळ्या, ज्यांनी वर्षानुवर्षं खनिजाचा मार सोसला, त्या आतून पोकळ झाल्या होत्या. बाकावर हात टेकला तर बोट आत गेलं.

भाग्यलक्ष्मीला आनंद झाला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. देवी वाढली म्हणून आनंद व्हावा असं ती स्वतःला बजावत राहिली आणि मन काही ऐकेना. तिने पडदा मोठा केला, बाक पुढे ओढले आणि मुलांना दाटीवाटीने झोपवू लागली. फूल रोज वाहत राहिली. सिमेंटचा विषय सगुणने परत काढला नाही.

बातमी फुटली ती सेजलमुळे, आणि सेजलचा त्यात काय दोष. नवरात्राच्या सुरुवातीला एका सुट्टीच्या दुपारी ती घरात टीव्हीखालच्या कोपऱ्यात जास्वंदीचं फूल ठेवून हात जोडून बसली आणि मालिका लावायला निघालेल्या आजीला दटावू लागली, की आवाज करू नकोस, आई निजली आहे. पार्वतीकाकींनी विचारलं, हे कुणी शिकवलं? टीचरने. आई कुठे आहे? टीचरच्या पडद्यामागे. किती मोठी आहे? सेजलने स्वतःच्या छातीपर्यंत हात नेला. ज्या काकींना गुडघ्यांमुळे गेटापर्यंत जाववत नव्हतं, त्या तिसऱ्या मिनिटाला शिवदासच्या ओसरीवर होत्या.

भाग्यलक्ष्मी तिथे झाडलोट करत होती. काकींनी स्वतः पडदा सारला. मग पदर डोक्यावर घेऊन, त्या गुडघ्यांनिशी, जमिनीवर टेकल्या.

"बाये, तुका कळ्ळें आनी तुवें आमकां सांगलें ना?" त्या म्हणाल्या. "ही आमची आई. इतलीं वर्सां बंद घरांत बसून आमची वाट पळयताली."

त्या खरोखर रडत होत्या. म्हणूनच भाग्यलक्ष्मीला त्यांचा राग धरता आला नाही. संध्याकाळपर्यंत वाडा लोटला. ज्यांनी तिला कधी ओसरीवर बसा म्हटलं नव्हतं त्या बायका नारळ घेऊन आल्या. समई आली, पाट आला, कुणीतरी घंटा आणून टांगली. एक बाई तर भाग्यलक्ष्मीच्याही पाया पडली, तिच्या हातून देवी प्रकटली म्हणून. दोन दिवस तिला वाटत राहिलं की आता आपलं चांगलंच होणार. ज्या वाड्याने आपल्याला इतकी वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं, तो आपला झाला. पोरांना थोडं सरकवून घेऊ, कोपरा देवीचा, उरलेली खोली पोरांची.

तिसऱ्या दिवशी लोक विचार करू लागले. देवीसमोर ही पोरं झोपत होती, मग पाय कुणीकडे करून? लहान पोरं, म्हणजे ओलं करणारच, ते कुठे? एकीला आठवलं की श्रावणात तिच्या मुलाला ताप आला होता. दुसरीला आठवलं की तिच्याही. सगळ्या गावात तेव्हा तापाची साथ होती, पण साथ कुणाच्या लक्षात राहते? आणि मग खरा प्रश्न आला. अजाणता झालं असतं तर वेगळं. पण तू फूल वाहत होतीस, म्हणजे तुला ठाऊक होतं, मग तिच्यासमोर पोरांना मुतायला कसं दिलंस? तिने फूल वाहिलं नसतं तर ती निर्दोष ठरली असती. सिमेंट ओतलं असतं तर टीचर राहिली असती. आपण श्रद्धेनेच फसलो हे तिला दिसत होतं, आणि ते बोलायची सोय नव्हती.

एकेक मूल यायचं थांबलं. सेजल शेवटपर्यंत येत होती, कारण मनीषाकडे दुसरा इलाज नव्हता. मग तीही थांबली.

निकाल देवळात लागणार होता. आपल्याकडे मोठ्या गोष्टीचा निकाल माणसं करत नाहीत, देवीला विचारतात. मूर्तीच्या अंगावर भट ओल्या कळ्या चिकटवतो, गावकर प्रश्न घालतात आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. प्रश्न गावकरांनीच घालायचा. बायका मागे उभ्या राहतात, आणि बाहेरून आलेली माणसं त्यांच्याही मागे.

दसऱ्यानंतर हा कौल, म्हणजे प्रसाद, घ्यायचा ठरला तेव्हा भाग्यलक्ष्मी पर्वरीला शिवदासच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याच्या बायकोने चहा दिला, तो तिने घेतला नाही. तिचं मागणं एवढंच होतं की देवीला दोन प्रश्न विचारा. ती तिथे राहणार का, हा एक, आणि राहणार असेल तर तिच्यासोबत मुलं चालतील का, हा दुसरा. देवी नको म्हणाली तर मी उद्या खोली रिकामी करीन, पण कुणी तिला विचारा तरी. तिची खात्री होती. जिने चार महिने पोरांचा श्वास ऐकला, ती नाही कशी म्हणेल? शिवदासलाही ते पटलं. तो मनापासून म्हणाला, "वयनी, हांव विचारतां. तूं चिंता करूं नाका."

तेवढ्या शब्दावर तिचा जीव भांड्यात पडला. वाटेत तिने डिचोलीच्या बाजारातून रंगीत खडूंचा डबा घेतला. तिला एवढी आशा होती.

प्रसादाच्या दिवशी देऊळ भरलं होतं. भाग्यलक्ष्मी आणि सगुण दाराजवळच्या खांबाशी उभे होते. घर शिवदासचं म्हणून गाऱ्हाणं त्यानेच घातलं. सगळ्या पूर्वजांची आणि वाड्याच्या राखणदाराची आठवण काढून झाल्यावर तो म्हणाला, "आई, तूं आमच्या घरांतच रावतली जाल्यार उजवो प्रसाद दी."

एरवी कळी पडायला तास तास लागतो. माणसं उभी राहून दमतात. त्या दिवशी शिवदासचं वाक्य पुरतं संपलंही नसेल तोच उजव्या खांद्यावरची कळी सुटून खाली आली. देऊळभर एकच हुंकार उठला. बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. शिवदासच्या बापाच्या घराला देवीने पसंत केलं होतं, ही काही लहान गोष्ट नाही. कुणीतरी त्याला मिठी मारली. ढोल वाजला. नारळ फुटले.

भाग्यलक्ष्मी दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत होती. देवीच्या अंगावर अजून कळ्या शिल्लक होत्या, तिला त्या खांबापासून दिसत होत्या. तिने सगुणच्या कोपराला धरलं. "तू सांग," ती पुटपुटली. सगुणने एक पाऊल पुढे टाकलं, समोरच्या पाठी पाहिल्या आणि ते मागे घेतलं. इथे त्याच्या आवाजाला जागा नव्हती हे दोघांनाही माहीत होतं. मग भटाने उरलेल्या कळ्या एकेक करून काढल्या आणि तबकात ठेवल्या.

शिवदास तिला बाहेर पायरीवर भेटला. त्याच्या कपाळावर गुलाल होता आणि चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. तिला बघितल्यावर तो चेहरा हळूहळू उतरला.

"वयनी, हांव विसरलोंच," तो म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. विरोध केला असता तर भांडता आलं असतं, पण विसरलेल्या माणसाशी काय भांडणार? तिने विचारलं, आता विचाराल का? त्याने मान हलवली. देवीला पुन्हा पुन्हा त्रास देणं बरं नव्हे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी सेजल शाळेत गेलेली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वाडा निजल्यावर, भाग्यलक्ष्मी सगुणची पहार घेऊन खोलीत गेली. हे कुणाला माहीत नाही. तिने दार लावून घेतलं आणि रोयणीसमोर उभी राहून तिला जाब विचारला. तुला हीच जागा सापडली का, डोंगर पडलेत, रानं पडली आहेत, बंद घरं तर वाड्यात ढिगाने आहेत, माझ्याच पोटावर का येऊन बसलीस. तिने पहार उचलली. रोयण मातीची. दोन घावांचं काम. मग तिचं लक्ष कालच्या फुलांकडे गेलं. गर्दीने वाहिलेली फुलं सुकून काळी पडली होती आणि ती कुणी काढली नव्हती. तिने पहार भिंतीला टेकवली, खाली बसली आणि सुकलेलं एकेक फूल वेचून काढलं. बाहेर जाऊन जास्वंदीचं ताजं फूल आणलं आणि ठेवलं. भीती वाटली म्हणून नव्हे. तिचा विश्वास होता, एवढंच. तो नसता तर सुटली असती.

मग खोलीचं जे व्हायचं ते झालं. बाक वाळवीने खाल्लेले, ते जळणात गेले. बदकावर पांढरा रंग चढला, पहिल्या हाताला त्याचे कोंबडीचे पाय तेवढे दिसत राहिले, दुसऱ्या हाताला तेही गेले. जमिनीवर गुळगुळीत फरशी आली आणि रोयणीभोवती पितळी कठडा बसला. दारावरची पाटी शिवदासने स्वतः जपून काढली आणि भाग्यलक्ष्मीला आणून दिली. सगुणने ती खाटेखाली सरकवली. देवी तुझ्या हातून प्रकटली म्हणून रोज खोली झाडायचा आणि दिवा लावायचा मान तुझा, असं वाड्याने ठरवलं. मान म्हणजे सेवा. सेवेचे पैसे मागायचे नसतात, म्हणून ती सकाळी तिथलं झाडून दोन घरची भांडी घासायला जाऊ लागली. टीचर म्हणणं आपोआप बंद पडलं. आता ती देवीकडली बाई झाली.

मनीषाने विमानतळावरची नोकरी सोडली. सोडताना ती भाग्यलक्ष्मीकडे येऊन काही वेळ नुसती बसली. दोघींपैकी कुणी देवीचं नाव घेतलं नाही.

शुक्रवारी वाड्यातल्या बायका आरतीला येतात. जेवणं उरकली की येतात, कारण संध्याकाळी मालिका असतात. घंटा, झांजा, टाळ्या, सगळं भर दुपारी चालतं आणि चार घरं पलीकडे ऐकू जातं. ज्या झोपेसाठी पोरांची तोंडं दाबून धरली होती, ती देवीसाठी मोडायला कुणाची हरकत नव्हती. म्हातारे कुशीवर वळतात आणि पुन्हा झोपतात.

अशाच एका शुक्रवारी, तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर, मनीषा ओटी भरायला आली. बरोबर पार्वतीकाकी आणि सेजल. पाळणाघर बंद झाल्यापासून सेजल पहिल्यांदाच त्या खोलीत आली होती. भाग्यलक्ष्मी घंटेची दोरी धरून उभी होती. सेजलने तिच्याकडे पाहिलं आणि काही झालंच नाही अशा थाटात चपला काढून भिंतीशी लावल्या, टाचेला टाच जुळवून, जशा लावायच्या असतात तशा. मग कठड्यासमोर गेली, हात जोडले आणि तिथेच गार फरशीवर एका कुशीवर आडवी झाली. गालाखाली हात घेतला. डोळे घट्ट मिटले आणि पाठ किंचित पुढे काढली, थापटायला.

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, पोर बघा कशी लीन झाली. पार्वतीकाकींनी तिचे पाय देवीकडे नाहीत ना ते वाकून बघितलं. नव्हते. ते भाग्यलक्ष्मीने जूनमध्येच शिकवलं होतं. आणि झांजा सुरू झाल्या.

सेजलने एक डोळा उघडला. मग दुसरा. गाणाऱ्या बायकांकडे तिने रागाने पाहिलं, सगळ्यांकडे एकेक करून, आणि शेवटी जिच्या हातात ही खोली होती तिच्याकडे.

"टीचर," ती म्हणाली, "आई निजली. ह्या सगळ्यांकां गप रावूंक सांग."

कैक दिवसांनी कुणी तिला टीचर म्हटलं होतं. भाग्यलक्ष्मीचे ओठ हलले. आरती अर्ध्यावर आली होती, घंटेचा ताल चुकला म्हणून पार्वतीकाकींनी मागे वळून तिच्याकडे बघितलं. तिने दोरी घट्ट धरली आणि ती वाजवत राहिली.